२.२३ मैल धावून झाले, आता पुढे?

माझ्याकडे पूर्वी हाफ मॅरेथॉनची तयारी केलेल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ताई, गेल्या २३ फेब्रुवारीला आमच्या रनिंग ग्रुपनं मारल्या गेलेल्या अहमॉड आर्बरी या काळ्या तरुणाच्या आठवणीत २.२३ मैल धावले. फोटो काढले, टाकले. ऑफिसातल्या एका काळ्या सहकाऱ्याला दाखवले तर तो म्हणाला, 'छान. आणि सोमवारी?' मला काही सुचलं नाही. मी रोज पाच मैल धावतो. या धावण्याचा वर्णद्वेषाशी भिडायला खरंच काही उपयोग आहे, की नुसतं आपल्याला बरं वाटावं म्हणून हे सगळं? आणि दुसरं म्हणजे, आपण स्वतःच इथे व्हिसावर. आपल्याकडे कसली आलीय प्रिव्हिलेज?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याची गाठ तिथेच आहे.

तू अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत राहतोस. तुझ्या सबडिव्हिजनला लागून नवीन फेजचं बांधकाम चालू असणार, कारण तिकडे ते कायमच चालू असतं. लाल माती, लाकडाचा सांगाडा, दाराच्या जागी नुसती चौकट. आता खरं सांग, रविवारी संध्याकाळी अशा घरात कधी शिरलायस का? मी शिरलेय. एकदा नाही, पन्नासदा. धावून परत येताना घड्याळ थांबवायचं आणि सरळ आत जायचं. किचन कुठल्या बाजूला, बेसमेंटला उजेड येतो का, देवघराला कोपरा निघतो का. शेजारची चार मराठी घरं तर सासू-सासरे आले की त्यांना फिरायला म्हणून अशाच घरांत नेतात. एकदा उन्हाळ्यात मला चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा तसल्याच एका घराच्या बाहेरच्या नळाला तोंड लावून मी पाणी प्यायले. कोणी हटकलं नाही. एक गोरे आजोबा कुत्र्याला फिरवत होते, त्यांनी हात केला.

२३ फेब्रुवारी २०२० च्या दुपारी आर्बरीनं हेच केलं होतं. जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ ब्रन्सविक गाव आहे, त्याला लागून सटिला शोर्स ही वस्ती. तिथल्या एका अर्धवट घरात तो शिरला, इकडेतिकडे बघितलं आणि बाहेर पडून पळू लागला. काही उचललं नव्हतं. त्या घराच्या कॅमेऱ्यात आधीच्या दिवसांत इतरही लोक येऊन गेलेले दिसतात, एक गोरं जोडपं, लहान मुलं. त्यांच्यामागे कोणी ट्रक घेऊन गेलं नाही. आर्बरीच्या मागे ग्रेगरी मॅकमायकल हा निवृत्त पोलीस आणि त्याचा मुलगा ट्रॅव्हिस बंदुका घेऊन निघाले. तिसरा शेजारी, विल्यम ब्रायन, आपला ट्रक काढून मागे लागला आणि त्यानं फोनवर चित्रीकरणही केलं. पाचेक मिनिटं आर्बरीला दोन ट्रकांमध्ये कोंडत नेलं आणि ट्रॅव्हिसनं शॉटगन झाडली. आर्बरी २५ वर्षांचा होता. पहिली अटक व्हायला ७४ दिवस लागले, तीही ५ मेला तो व्हिडिओ बाहेर आला म्हणून. अटक ७ मेला झाली. दुसऱ्या दिवशी, ८ मेला, आर्बरीचा २६ वा वाढदिवस होता. तुमचे ते २.२३ मैल (अमेरिकी पद्धतीनं २/२३, म्हणजे २३ फेब्रुवारी) त्या दिवसापासूनचे.

तर ही तुझी प्रिव्हिलेज. मला तो शब्द जड वाटतो, मी "मुभा" म्हणते. अर्धवट घरात डोकावून बघायची मुभा. ती तुला कोणी पत्र पाठवून दिलेली नाही, म्हणून ती आहे हे कळत नाही. व्हिसाची रांग, ग्रीन कार्डची वर्षं, लेऑफनंतरचे ६० दिवस, हे सगळं खरं आहे आणि ते मी भोगलंय. पण सकाळी सहाला बूट बांधताना तुझ्या डोक्यात व्हिसा नसतो. डोक्यात पेस असतो, म्हणजे धावण्याचा वेग. माझ्या ग्रुपमधल्या मास्तरांच्या डोक्यात त्या वेळी काय असतं, ते मला कळायला एक अख्खा सीझन गेला.

मास्तर हे नाव मी ठेवलंय. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला काळा माणूस, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आणि दहा किलोमीटरला अजून माझ्याहून वेगवान. पहिल्या वर्षी मी त्यांना ट्रेनिंग प्लॅन लिहून दिला. मंगळवारी सोपं धावणं आणि शेवटी घराजवळच्या रस्त्यावर १०० मीटरच्या सहा स्ट्राइड्स. स्ट्राइड्स म्हणजे तुला माहीत आहेच, जवळजवळ पूर्ण वेगात मोकळं पळायचं. दर आठवड्याला लॉगमध्ये तो रकाना रिकामा. मी चिडायचे. आळस म्हणायचे, चेष्टा करायचे. शेवटी एकदा ते शांतपणे म्हणाले, "मी वस्तीत जोरात पळताना दिसलो तर लोक माझा पेस बघत नाहीत. मी कशापासून पळतोय ते बघतात." त्यानंतर स्ट्राइड्स शाळेच्या ट्रॅकवर गेल्या.

मग मी त्यांच्याकडे बघायला लागले. धावताना नेहमी भडक पिवळा शर्ट, नाहीतर विद्यापीठाचं नाव छातीवर मोठ्या अक्षरात असलेला. जानेवारीत बोटं गारठतात तरी हुडी नाही, एकावर एक दोन शर्ट. बुटाच्या लेसमध्ये लायसन्सची छोटी पिशवी. पुढे एखादी बाई एकटी चालत असेल तर वीस पावलं आधीच रस्ता ओलांडून पलीकडे. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात. मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे. प्रेमळ आहेतच, पण तो हात प्रेमाचा नव्हता.

मी बाई आहे, अंधारात एकटी धावण्याची भीती मला शिकवायला नको. मी कानात एकच इअरबड घालते, रस्ता बदलत राहते, किल्ली बोटांत धरते. म्हणून मला वाटायचं की मास्तरांची भीती मला समजते. नाही समजत. माझ्यामागे कोणी लागलं तर मी जवळच्या कुठल्याही घराची बेल वाजवीन. शार्लटमध्ये २०१३ च्या सप्टेंबरात जोनाथन फेरेल या २४ वर्षांच्या काळ्या मुलाच्या गाडीला अपघात झाला. त्यानं मदतीसाठी एक दार ठोठावलं. घरातल्या बाईनं पोलिसांना फोन केला. पोलीस आले तसा तो त्यांच्याकडे धावत गेला आणि त्यांच्यातल्या एकाच्या गोळ्यांनी मेला. मी पळून जिथे जाईन, ती दारं मास्तरांसाठी नाहीत. दोघांच्या भीतीत हा फरक आहे.

आता "आपण पण ब्राऊनच की" याबद्दल. ६ फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. सुरेशभाई पटेल नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आले होते, वय ५७. सकाळी मुलाच्या घराजवळ फेरफटका मारत होते. कोणीतरी फोन करून कळवलं की एक सडपातळ काळा माणूस वस्तीत फिरतोय, घरांकडे बघतोय. पोलिसांशी बोलायला त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसानं त्यांना असं जमिनीवर आपटलं की त्यांना अंशतः लकवा झाला. त्या पोलिसावरचे खटले ज्यूरीचं एकमत न झाल्यानं दोनदा बारगळले आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. ही बातमी आपल्या लोकांत फिरली तेव्हा सगळ्यांचा सूर एकच: "अरे, चुकून काळा समजले." या वाक्यावर जरा थांब. त्यात चूक काय झाली असं आपण म्हणतोय? आपटण्याची, की ओळखण्याची? आपली मुभा उसनी आहे, आणि कोणी लांबून रंग नीट पाहिला नाही की ती संपते. मराठी घरांत आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, सकाळी मफलर गुंडाळून सबडिव्हिजनमध्ये फिरतात. सुरेशभाई तेच करत होते.

तुझी काउंटी तर धडाच आहे. १९१२ साली फोर्साइथमध्ये सुमारे ११०० काळे लोक राहत होते. एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, तिचा मृत्यू झाला. त्यावरून रॉब एडवर्ड्स नावाच्या काळ्या माणसाला जमावानं कमिंग गावात ठार मारून लटकवलं, दोन किशोरवयीन मुलांना कोर्टानं फाशी दिलं, आणि रात्री घरं-चर्चं पेटवत, गोळ्या झाडत काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्या काळ्या कुटुंबांना काउंटीबाहेर हाकललं. जमिनी मागे राहिल्या. त्यानंतर अनेक दशकं काळा माणूस तिथे सूर्यास्तानंतर थांबत नसे. १९८७ च्या जानेवारीत नागरी हक्क चळवळीतले नेते होजिया विल्यम्स मोर्चा घेऊन कमिंगला गेले तर दगड आले. पुढच्याच आठवड्यात ते २०,००० माणसांना घेऊन परत गेले. १९८७ म्हणजे काही इतिहासजमा काळ नाही. मी तेव्हा साताऱ्यात दहावीच्या गाइडातून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होते.

आज त्याच काउंटीत आपल्या लोकांची गणपतीची मिरवणूक निघते. बिग क्रीक ग्रीनवेवर शनिवारी सकाळी मराठी, तेलुगू, गुजराती ऐकू येतं. काळे लोक मात्र अजूनही शंभरात चार-पाच. आपण तिथे का गेलो? विचारलं की उत्तर ठरलेलं: "शाळा चांगल्या आहेत." मीही हेच म्हणायचे. या "चांगल्या"त काय काय येतं, ते बोलायची आपली तयारी नसते.

आणि आपण इथे आलो तरी कसे? १९४६ पासून १९६५ पर्यंत भारतासाठी वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. फक्त शंभर. तो गेला १९६५ च्या कायद्यानं, आणि तो कायदा ज्या वाऱ्यावर आला तो वारा काळ्या लोकांनी पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेऊन उठवला होता. दरवाजा त्यांनी ढकलला, आत आपण गेलो. हे अपराधी वाटून घेण्यासाठी सांगत नाही. मला अपराधी वाटणाऱ्या धावपटूचा काही उपयोग नाही, तो दोन आठवड्यांत दमतो.

आता तुझा पहिला प्रश्न. धावण्यानं वर्णद्वेषाशी भिडता येतं का? धावण्यानं थेट नाही. तुझे पाय कितीही मैल धावले तरी कोणाचंच काही बदलत नाही. पण गाडीतून जे दिसत नाही ते धावताना दिसतं, आणि तू रोज त्याच रस्त्यावर असतोस. रोज त्याच रस्त्यावर असणारा माणूस साक्षीदार असतो. एवढंच भांडवल आहे, आणि ते पुष्कळ आहे, वापरलं तर.

माझ्याकडच्या मंडळींना मी आधी एक महिना वही करायला लावते. ॲप नाही, वही. अंतर आणि पेस यांच्या खाली चार ओळी: आज काय घातलं होतं, कोण भेटलं, कोणी हात केला किंवा नाही, कुठे डोकावलो किंवा कुठल्या लॉनवरून आडवा गेलो. पहिले आठ दिवस लोक "काही विशेष नाही" लिहितात. तेच वाचायचं असतं. माझ्या स्वतःच्या वहीत एका महिन्यात "काही विशेष नाही" एकोणीस वेळा होतं. मास्तरांना मी तशीच वही द्यायला गेले तर ते हसले आणि म्हणाले, माझी डोक्यात आहे, चाळीस वर्षांची.

मग रस्ता बदलायचा. अटलांटात पॉन्स डी लिऑन ॲव्हेन्यू ओलांडताना कधी रस्त्यांच्या पाट्या वाचल्यास का? उत्तरेकडे मनरो ड्राइव्ह, सिग्नल ओलांडला की तोच रस्ता बुलेवार्ड. उत्तरेला ब्रायरक्लिफ रोड, दक्षिणेला मोरलँड ॲव्हेन्यू. डांबर एक, वळण नाही, नाव दोन. उत्तरेच्या गोऱ्यांना दक्षिणेच्या काळ्यांबरोबर एकच पत्ता नको होता. गाडीतून शंभर वेळा गेले, मला वाटायचं अटलांटाची गंमत. तिथे पायी थांबून बुटाची नाडी बांधताना वर बघितलं तेव्हा कळलं. दुसरी जागा पेटन रोड, शहराच्या नैऋत्येला. १९६२ च्या डिसेंबरात अटलांटाच्या महापौरांनी तिथे रस्त्यावर चक्क अडथळे उभे केले, काळ्या कुटुंबांनी पलीकडे घरं घेऊ नयेत म्हणून. लोक त्याला अटलांटाची बर्लिन भिंत म्हणत. १९६३ च्या मार्चमध्ये कोर्टानं पाडायला लावले. आता तिथे काहीही नाही, सुंदर चढ आहे, झाडी आहे. पण मास्तर तिथून धावताना बोलत नाहीत.

सावलीकडेही लक्ष दे, धावणाऱ्याला ते आपोआप कळतं. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले, काळ्यांच्या वस्त्या लाल. लाल म्हणजे कर्ज धोक्याचं. रिचमंड विद्यापीठानं ते सगळे नकाशे नेटवर ठेवलेत, अटलांटाचाही आहे. २०२० साली १०८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या लाल भागांचं तापमान इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसनं जास्त निघालं. पैसा गेला नाही, झाडं लागली नाहीत, डांबर तापत राहिलं. जुलैत संध्याकाळी सहाला एका भागातून दुसऱ्यात धावत जा. तुझं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवेलच.

पण एक सांगून ठेवते. गरीब काळ्या वस्तीत दहा जणांचा कळप घेऊन, गळ्यात कॅमेरा टाकून जाऊ नकोस. तो तमाशा मी एकदा केलाय, वीस जणांना घेऊन. एक आजी पोर्चवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "शर्यत आहे का आज?" मला उत्तर देता येईना. आम्ही काय बघायला आलो होतो, त्यांना? त्यापेक्षा दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये जा आणि मागे धाव. ब्लॅक मेन रन हा ग्रुप २०१३ साली अटलांटातच सुरू झालाय. बायकांसाठी ब्लॅक गर्ल्स रन २००९ पासून आहे. मी बायकांच्या ग्रुपमध्ये पाहुणी म्हणून जाऊ लागले तेव्हा पहिले तीन महिने कोणाला काही शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. वीस वर्षं कोच असलेल्या बाईला हे किती अवघड, ते माझ्या नवऱ्याला विचार.

याच ओघात टेड कॉर्बिट हे नाव माहीत करून घे. गुलामांचा नातू. शाळा-कॉलेजात असताना त्याला काही शर्यतींतून वगळायचे, कारण गोरी मुलं त्याच्याबरोबर धावायला तयार नसत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन धावला, न्यूयॉर्क रोड रनर्सचा पहिला अध्यक्ष झाला, आणि सायकलच्या चाकानं रस्त्याचं अंतर अचूक मोजायची पद्धत त्यानं अमेरिकेत रुजवली. तुझ्या हाफ मॅरेथॉनच्या सर्टिफिकेटवरचं अंतर खरं आहे, याचं मोठं श्रेय त्याचं. हे मला कोचचं प्रमाणपत्र मिळाल्यावर अकरा वर्षांनी कळलं.

आता ज्यात मी नापास झाले ते सांगते, कारण खरी परीक्षा रस्त्यावर नसतेच.

आमच्या वस्तीचा एक ग्रुप आहे, कचऱ्याची गाडी, हरवलेलं मांजर वगैरे. एका शनिवारी मास्तर माझ्याकडे पाच मिनिटं आधी आले आणि अंग गरम करायला कोपऱ्यापर्यंत दोन फेऱ्या मारत बसले. ग्रुपवर मेसेज: "सावध. काळा पुरुष, पिवळा शर्ट, दोनदा फेऱ्या मारल्या." तो पिवळा शर्ट, जो ते सुरक्षित दिसावं म्हणून घालतात! खाली तीन अंगठे, त्यातले दोन आपल्या मराठी घरांचे. मी तो मेसेज दोन तासांनी, धावून आल्यावर पाहिला. लगेच लिहिलं, "अहो, ते माझे मित्र आहेत, शिक्षक होते, सज्जन माणूस." उत्तरं आली, "ओह, मग काही हरकत नाही." मला वाटलं, चोख काम केलं. मास्तरांना अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "पोलिसांची गाडी दोनदा सावकाश गेली तेव्हाच मला कळलं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि मी तुझा मित्र नसतो तर?"

मी जामीन राहिले होते. जामीन राहणं म्हणजे माणूस आधी आरोपी आहे हे मान्य करणं. आता असा मेसेज आला की मी एकच प्रश्न लिहिते: "तो माणूस काय करत होता?" एवढंच. चालत होता, धावत होता, उभा होता. लिहिणाऱ्याला उत्तर टाइप करावं लागतं आणि टाइप करताना बहुतेकांना स्वतःचंच ऐकू येतं. दोघांनी ग्रुप सोडला. एका शेजारणीनं वर्षभर संक्रांतीचं तिळगूळ आणलं नाही. तेवढी किंमत आहे, ती धर.

आर्बरीच्या खटल्यातही असाच जामीन मागितला गेला. तो खरंच धावायला आला होता का, यावर किती खल झाला. बचाव पक्षाच्या वकीलबाईंनी शेवटच्या भाषणात ज्यूरीला सांगितलं की तो खाकी शॉर्ट्समध्ये, मोजे न घालता आला होता, त्याच्या पायांची लांब, घाणेरडी नखं झाकायला काही नव्हतं. त्याची आई उठून बाहेर गेली. मी वीस वर्षं धावणाऱ्यांचे पाय बघतेय. मॅरेथॉनच्या तयारीत अंगठ्याचं नख काळं पडतं, सुटतं, गळतं. आम्ही त्याचे विनोद करतो, ग्रुपवर फोटो टाकतो. माझं डावं नख दोनदा गेलंय. कोणी त्याला घाण म्हणालं नाही. आणि समजा तो धावायला आलाच नव्हता, नुसता हिंडत होता, तर? म्हणून "तो आपल्यासारखा रनर होता" हे बॅनर मला खटकतं. ज्यूरीनं, ज्यात ११ गोरे आणि एक काळा होता, तिघांनाही दोषी धरलं. जन्मठेपा झाल्या. जॉर्जियात नागरिकानं दुसऱ्याला पकडण्याचा १८६३ चा कायदा होता, ज्याच्या आडोशाला हे तिघे उभे राहिले. तो २०२१ साली रद्द झाला. लोक आमदारांच्या दारात बसले म्हणून झाला, धावले म्हणून नाही.

धावताना पोलिसांनी कोणाला अडवलेलं दिसलं तर घड्याळ थांबव. लांब उभा राहा, हात दिसतील असे, फोन काढ, मध्ये बोलू नकोस. पोलिसांचं काम सार्वजनिक जागेतून चित्रित करण्याचा हक्क इथल्या केंद्रीय अपील कोर्टानं, म्हणजे अकराव्या सर्किटनं, २००० साली मान्य केलाय, आणि तो खटला कुठल्या गावाविरुद्ध होता सांगू? कमिंग. तुझंच. पण तू व्हिसावर आहेस, म्हणून अंतर राख आणि मागे सरक म्हणाले तर मागे सरक. नुसतं कोणीतरी बघतंय एवढ्यानंही खूप फरक पडतो, असं मास्तर म्हणतात.

घरी मात्र जास्त बोलावं लागेल. मुलांसमोर आपण काळ्या लोकांसाठी कोणता शब्द वापरतो, कुठल्या पेट्रोल पंपावर गाडीची काच वर करतो, हे पोरं टिपत असतात. माझ्या आईनं इथे आल्यावर मास्तरांना पाहून मराठीत जे म्हटलं ते मी लिहिणार नाही. त्यांना शब्द कळला नाही, सूर कळला.

तिच्यावर चिडताना मला साताराच आठवला. मी शाळेत असताना पहाटे राजवाड्यापासून धावायला निघायचे, यवतेश्वरच्या घाटाकडे. रोज प्रतापसिंह हायस्कूलवरून. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाच्या मुलाचं नाव तिथे दाखल झालं, पुढे जगानं त्याला डॉ. आंबेडकर म्हणून ओळखलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसवलं जायचं, पाण्याला हात लावायची सोय नव्हती. हे मला पाठ होतं, परीक्षेत गुण मिळाले होते. पण त्या इमारतीवरून धावताना एकदाही मनात आलं नाही. आमच्या मूळ गावी नदीकडे जाणारा सगळ्यात सपाट रस्ता गावकुसाबाहेरच्या वस्तीतून जायचा आणि आजी म्हणायची, तिकडून नको पळू. मी लांबच्या रस्त्यानं जायचे आणि अंतर वाढलं म्हणून खूश व्हायचे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना हा धागा दिसला होता. मला अटलांटात घर घेऊनही दिसायला वेळ लागला. त्यामुळे तुला वेळ लागतोय यात काही नवल नाही.

त्या सहकाऱ्याला मात्र उत्तर द्यायला जाऊ नकोस. त्यानं विचारलं ते तुला विचारलं, परीक्षक म्हणून नाही. वही सुरू कर, ग्रुपवर पुढचा "सावध" मेसेज येईल तेव्हा ती एक ओळ लिही, मग कधीतरी जेवताना सांग.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी आणि मास्तर पेटन रोडला धावतोय, सकाळी साडेसहा, सात मैल, सोपा पेस. फोटो काढणार नाही. चढ चांगलाच आहे आणि वाटेत पाणी मिळत नाही, तेव्हा बाटली आण.